पोकर: हरण्याचा पट्टा किती लांबला म्हणजे नशिबाला दोष देणं थांबवायचं?

एडिसनकर
मी न्यू जर्सीत राहतो. इथे ऑनलाइन पोकर २०१३ पासून कायदेशीर आहे. नो-लिमिट होल्डेम खेळतो (हातात दोन पत्ते, मधले पाच सगळ्यांचे), सहा जणांचं टेबल, अर्धा-एक डॉलरचे ब्लाइंड (पत्ते बघण्याआधीच दोघांना लावावे लागणारे पैसे; मोठा तो बिग ब्लाइंड), बाय-इन म्हणजे टेबलवर बसताना घ्यायची रक्कम १०० डॉलर. प्रत्येक हाताची नोंद पोकरट्रॅकरमध्ये आहे. सुरुवातीचा बराच काळ दर १०० हातांमागे ४ बिग ब्लाइंडच्या आसपास नफा होता.

उन्हाळा संपला आणि उतरती कळा लागली. पंचवीस-तीस हजार हातांत अठराएक बाय-इन गेले. एक्क्यांची जोडी घेऊन ऑल-इन गेलो (सगळे पैसे लावले) की समोरच्याच्या हातात राजांची जोडी आणि रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पाचव्या पत्त्याला, तिसरा राजा. माझा सेट (तीन सारखे पत्ते), त्याचा मोठा सेट. फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) येणार येणार म्हणता येतच नाही.

पोकर खेळणारे मित्र म्हणतात, 'व्हेरिअन्स आहे, खेळत राहा.' न खेळणारे म्हणतात, 'जुगार आहे, सोड.' या दोन्हींत माझा प्रश्न राहूनच जातो. हे नशीब आहे की माझा खेळ कच्चा आहे, हे आकड्यांवरून ठरवायची काही रीत आहे का?

तात्या_ठाणे
शनी बघून घ्या. विनोद बाजूला, वाचतोय. मीही शेअर बाजारात ऑप्शन विकतो, हाच प्रश्न मलाही छळतो.

अबोली
तात्या, साडेसाती असेल तर त्यांना अजून सहा-सात वर्षं थांबावं लागेल. तोवर धाग्याची हजारी होईल :)

संख्यामित्र
संख्याशास्त्र शिकवतो, पोकर हौसेपुरता. आकड्यांनी किती सांगता येतं ते बघू.

सहा जणांच्या नो-लिमिट टेबलवर १०० हातांचं प्रमाण विचलन ८० ते १०० बिग ब्लाइंड असतं. आपण ९० धरू. तुमचा नफा त्याच १०० हातांत ४. म्हणजे सरासरी ४ आणि तिच्याभोवती ९० ची उलथापालथ. व्हेरिअन्स म्हणतात तो हाच.

सरासरी हातांच्या संख्येच्या पटीत वाढते, उलथापालथ मात्र वर्गमुळाच्या पटीत. म्हणून शेवटी सरासरी जिंकते. पण ते 'शेवटी' फार लांब आहे:

१०,००० हात: अपेक्षित नफा ४०० बिग ब्लाइंड, विचलन ९००. ४ च्या दरानं खरोखर जिंकणाऱ्या तीन खेळाडूंतला एक इथपर्यंत तोट्यात असतो.
५०,००० हात: दोन्ही २,००० च्या घरात. सहातला एक तोट्यात.
१,००,००० हात: नफा ४,०००, विचलन साधारण २,८५०. तरीही शंभरातले आठ तोट्यात.

आता तुमचा पट्टा. ३०,००० हातांत १,८०० बिग ब्लाइंडचा तोटा. तुमचा खरा दर ४ असेल तर इतकं किंवा याहून वाईट होण्याची शक्यता ३ टक्क्यांच्या आत. खरा दर शून्य असेल तर १२ टक्के. तुम्ही दर १०० हातांमागे ४ हरणारे खेळाडू असाल तर ३५ टक्के.

एडिसनकर
सर, म्हणजे मी हरणारा खेळाडू आहे?

संख्यामित्र
नाही, त्या आकड्यांचा तसा अर्थ लावू नका. तुम्ही मोजायला सुरुवात कुठून केलीत? नफा सगळ्यात वर होता तिथून. शिखर निवडून तिथून खाली मोजलं की कुठलीही घसरण असाधारण दिसते. ३ टक्के हा आकडा आधीच ठरवलेल्या ३०,००० हातांसाठी आहे, नंतर शोधून काढलेल्या सगळ्यात वाईट ३०,००० हातांसाठी नाही.

घसरणीचा अंदाज दुसऱ्या सूत्रानं नीट येतो. एखाद्या ठरावीक दिवशी खेळायला सुरुवात केली, तर कधी ना कधी तिथून २० बाय-इन खाली जाण्याची शक्यता ४ च्या दराला १४ टक्के आहे. दर २ असेल तर ३७ टक्के. ४० बाय-इन खाली जाण्याची शक्यता ४ च्या दराला २ टक्क्यांच्या आत, २ च्या दराला १४. आणि दर शून्य असेल तर कितीही पैसे ठेवा, पुरेसा काळ खेळलात तर ते संपणारच.

त्यातल्या दोन १४ टक्क्यांकडे बघा. दर निम्मा झाला की तोच खड्डा दुप्पट खोल होतो. टेबलं थोडी अवघड झाली, रेक (प्रत्येक डावातून खेळ चालवणारा कापून घेतो तो वाटा) थोडा वाढला, तर खेळ जराही न बिघडता हरण्याचे पट्टे लांबतात.

वैशाली_इचलकरंजी
माझं मत वेगळं आहे आणि ते इथे मांडणं मला गरजेचं वाटतं. आमच्या नात्यातला एक मुलगा ऑनलाइन रमीत बुडाला. पोकर नव्हे, पण भाषा हीच. 'आत्ता पत्ते येत नाहीयेत, पट्टा संपला की सगळं वसूल होईल.' आईच्या बांगड्या गेल्या, मग पतसंस्थेचं कर्ज, मग मित्रांची उसनवारी. 'व्हेरिअन्स' हा शब्द त्याला माहीत असता तर त्यानं तोही वापरला असता. हरणाऱ्या माणसाला खेळत राहायला कारणच हवं असतं, आणि वरचं गणित कितीही बरोबर असलं तरी त्याच्या हातात ते कारणच होतं. सरांनी ते ज्याच्यासाठी लिहिलं त्याच्या कामाचं असेल. वाचणारे सगळे तसे नसतात.

संख्यामित्र
वैशालीताई, पूर्ण सहमत. 'दर शून्य असेल तर पैसे संपणारच' या मघाच्या वाक्याचा जोर म्हणूनच वाढवतो. व्हेरिअन्सचा आधार घ्यायचा हक्क ज्याचा दर शून्याच्या वर असल्याचा दुसरा पुरावा आहे त्यालाच. रेक कापून गेल्यावर टेबलवरचे बहुतेक जण शून्याखालीच असतात. त्यांच्यासाठी लांब पट्टा ही अडचण नाहीच, तो सरासरीचा मार्ग आहे.

संपादक
धाग्यावर खेळाच्या संकेतस्थळांचे दुवे देऊ नयेत, एक प्रतिसाद उडवला आहे. कुणाला पैशांच्या खेळातून बाहेर पडायला मदत हवी असेल तर भारतात टेलिमानस १४४१६, अमेरिकेत १-८००-गॅम्बलर.

मांडवीकाठ
पणजीतल्या तरंगत्या कॅसिनोत काही वर्षं डीलर होतो. (आम्हां गोंयकारांना तिथे खेळायला २०२० पासून बंदी, काम करायला नाही.) टेबलाच्या त्या बाजूनं जे दिसलं ते सांगतो.

हरणारा माणूस आधी गड्डी बदलायला सांगतो. मग जागा बदलतो. मग डीलर बदलला की खूश होतो. गड्डी बदलून काय होणार, पत्ते पिसायला यंत्र असतं. पण याचं कुणाचं काही बिघडत नाही, त्यामुळे मी कधी हसलो नाही.

बिघडतं ते वेळेचं. जिंकणारा दहा-अकराला उठतो, जेवतो, झोपतो. हरणारा पहाटेच्या बोटीपर्यंत बसतो. म्हणजे माणूस ताजा असताना थोडे हात खेळतो आणि दमलेला, चिडलेला, दोन पेग झालेले असताना ढीगभर. शनिवारी रात्री दोननंतर तोच माणूस ओळखू येत नाही. संध्याकाळी ज्या हाताला पत्ते सरळ टाकले, त्याच हातावर आता सगळे चिप्स पुढे. सरांचं गणित धरतं की माणूस सगळे हात सारखाच खेळतो. मी तरी तसा माणूस क्वचित पाहिला. एडिसनकर, तुमच्या नोंदीत वेळ असेलच. हरत असताना तुम्ही किती वेळ बसता ते बघा.

किलवरराणी
मांडवीकाठ, +१. याला टिल्ट म्हणतात, आणि खरा मोठा खड्डा बहुतेक वेळा व्हेरिअन्सनं सुरू होतो आणि टिल्टनं खोल होतो. वाईट पत्त्यांनी पाच बाय-इन जातात, उरलेले तेरा आपण स्वतः घालवतो.

तात्या_ठाणे
थोडं अवांतर. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये फ्यूचर्स-ऑप्शन्सचा अभ्यास काढला होता. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. हे वाचूनही आमच्या गटातला प्रत्येक जण आपण उरलेल्या ७ टक्क्यांतले असं धरून चालतो. तिथेही 'मार्केट खराब आहे' हेच ऐकू येतं. किलवरराणी, टिल्टला आमच्याकडे 'रिव्हेंज ट्रेड' म्हणतात. रोग एकच.

माणदेशी
पोकर कळत नाही, शेती कळते. आमच्याकडे सरासरी पाऊस कागदावर पुरेसा दिसतो. सलग तीन सालं कोरडी गेली की विहीर आटते, आणि चौथ्या साली पाऊस धो धो पडला तरी विकलेली जनावरं परत येत नाहीत. सरांचे २० आणि ४० बाय-इन हे मला असेच कळले. बरोबर का?

संख्यामित्र
माणदेशी, अगदी बरोबर. वर्गात हेच सांगायला मला दोन तास लागतात. बँकरोल म्हणतात ते हेच: कोरड्या सालांना पुरेल इतकं पाणी, आणि ते घरखर्चाच्या पाण्यापासून वेगळं.

अबोली
एक साधी शंका. इतका वेळ वाईट पत्ते आले तर आता चांगले येण्याची शक्यता थोडी तरी वाढत नाही का? मनाला तसं वाटतं.

संख्यामित्र
मनाला वाटतं, पत्त्यांना कळत नाही. १८ ऑगस्ट १९१३ ला मोंटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटवर काळा रंग लागोपाठ २६ वेळा आला. पंधराव्या वेळेनंतर लोक लालवर पैसे ओतत होते, 'आता तरी लाल येणारच' म्हणून. प्रचंड रकमा गेल्या. चक्राला आधीचं काही आठवत नव्हतं.

गेलेले १,८०० ब्लाइंड 'परत येणं' असं काही नसतं. उद्यापासूनची अपेक्षा पुन्हा दर १०० हातांना ४, खरा दर तेवढा असेल तर.

कोल्हापुरी_रस्सा
गोव्याला मित्रांबरोबर वर्षातून एक-दोनदा जातो, तिथे खेळतो. माझा पट्टा चांगला चाललाय की वाईट हे कळायला किती हात लागतील?

मांडवीकाठ
भावा, समोरासमोरच्या टेबलवर तासाला पंचवीस-तीस हात होतात. ३०,००० हात म्हणजे हजार तास. तू आयुष्यभर आलास तरी कळणार नाही. मासे खा, मजा कर, जेवढे उडवायचे ठरवलेस तेवढेच बोटीवर घेऊन चढ.

लेखापरीक्षक
कोल्हापुरी_रस्सा, यात कराचाही भाग आहे आणि तो कुणी मोजत नाही. भारतात अशा जिंकण्यावर सरसकट ३० टक्के कर, वर उपकर वेगळा, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करायला मिळत नाही. शनिवारी ५०,००० जिंकलात, रविवारी ४०,००० हरलात. खिशात १०,००० उरले. कायद्याच्या अक्षराप्रमाणे कर ५०,००० वर, म्हणजे १५,०००. पत्त्यांत जिंकूनही तुम्ही ५,००० नी खाली. उलथापालथ जितकी जास्त तितका कर जास्त, म्हणजे इथे व्हेरिअन्स हा स्वतःच खर्च आहे.

ऑनलाइनचं तर संपलंच. आधी ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला, मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळच बंद केले, कौशल्याचे असोत की नशिबाचे. अमेरिकेतही २०२६ पासून जुगारातला तोटा ९० टक्क्यांपर्यंतच वजा करता येण्याचा नियम आहे. एडिसनकर, तिथल्या सीपीएशी (परवानाधारक लेखापालाशी) बोलून घ्या. तुमच्या ४ च्या दराला ते झेपेल का, हा वेगळा हिशेब आहे.

वैशाली_इचलकरंजी
हे उदाहरण फार उपयोगी आहे. दहावी-बारावीच्या मुलांना दाखवायला हवं.

किलवरराणी
मूळ प्रश्नाकडे येते. एडिसनकर, निकालावरून नशीब आणि खेळ वेगळे करायला लाखो हात लागतात हे सरांनी दाखवलं. तेवढा वेळ कुणाकडे नाही. म्हणून निकाल सोडून निर्णय तपासायचे.

पोकरट्रॅकरमध्ये 'ऑल-इन ईव्ही'ची रेघ आहे, तिच्यावर फार विसंबू नका. एक्के विरुद्ध राजे, पाचही पत्ते यायचे असताना ऑल-इन झालात तर ८२ टक्के वेळा तुम्ही जिंकायला हवं. हरलात तर ती रेघ तुम्हाला पॉटच्या (मधे जमलेल्या पैशांच्या) ८२ टक्क्यांचं श्रेय देते. पण पैसे रिव्हरनंतर गेले असतील तर तिला काही दिसत नाही.

त्यापेक्षा हे करा. या पट्ट्यात ५० ब्लाइंडच्या वर गेलेले सगळे हात काढा आणि तीन ढीग लावा. पहिला: पैसे गेले तेव्हा तुम्ही पुढे होता. दुसरा: मागे होता, पण कुणीही त्या जागी गेलाच असता, राण्या विरुद्ध एक्के वगैरे. तिसरा: मागे होता आणि पत्ते टाकता आले असते. पहिले दोन ढीग व्हेरिअन्स. आणि तिसऱ्याची आधीच्या चांगल्या काळातल्या तिसऱ्या ढिगाशी तुलना करा, कारण तो कुणाचाच रिकामा नसतो.

एडिसनकर
(दोन दिवसांनी) ढीग लावले. पहिला सगळ्यात मोठा, तेवढं समाधान आहे. तिसरा आधीपेक्षा फुगलाय हेही खरं. मांडवीकाठ, तुमचंही तपासलं, हरलेल्या बैठका जिंकलेल्यांपेक्षा बऱ्याच लांब आहेत. सध्या खालच्या ब्लाइंडवर उतरतो.

पण एक हात कुठल्या ढिगात ठेवू ते ठरत नाही. मी बटनवर (शेवटी बोलायची जागा), हातात बदामचा एक्का आणि किलवरची राणी. दोघांकडेही १०० ब्लाइंड. अडीचला वाढवलं, फक्त बिग ब्लाइंड लावलेला खेळाडू आला. पॉट ५.५.
फ्लॉप (मधले पहिले तीन पत्ते): बदाम राणी, बदाम अठ्ठी, किलवर तिर्री. मी ३ लावले, तो आला. पॉट ११.५.
टर्न (चौथा पत्ता): चौकट पंजी. मी ८ लावले, तो आला. पॉट २७.५.
रिव्हर: बदाम दुर्री. तो थेट ऑल-इन, ८६.५. मी कॉल केला, म्हणजे तेवढेच लावले. त्याच्याकडे बदामचा गुलाम आणि सत्ती.
टर्नपर्यंत मी स्पष्ट पुढे होतो. मग पहिला ढीग?

किलवरराणी
तिसरा. तुमचे मोठे पैसे रिव्हरला गेले आणि तेव्हा तुम्ही मागे होता. ८६.५ देऊन २००.५ चा पॉट मिळवायचा, म्हणजे दर १०० वेळांत निदान ४३ वेळा तो नुसताच घाबरवत असायला हवा. या ब्लाइंडवर तिसरा बदाम पडल्यावर पॉटच्या तिप्पट लावणारा माणूस ४३ टक्के वेळा खोटं बोलत नाही.

एडिसनकर
पण बदामचा एक्का माझ्याकडे आहे. सगळ्यात मोठा फ्लश त्याच्याकडे असूच शकत नाही. राणीची जोडी घेऊन कॉल करायचाच असेल तर याच हातानं करायचा ना?

संख्यामित्र
तत्त्व बरोबर आहे. एक्क्यामुळे त्याचे काही फ्लश कमी होतात, म्हणून राणीच्या जोड्यांत हा सगळ्यात चांगला कॉल. पण सगळ्यात चांगला कॉल ४३ टक्क्यांपर्यंत पोचतोच असं नाही. ते समोरच्यावर अवलंबून. त्याच्या नोंदी किती आहेत तुमच्याकडे?

एडिसनकर
दोन-तीनशे हात. रिव्हरला इतका मोठा डाव त्याआधी एकदाही दिसला नाही.

किलवरराणी
म्हणूनच तिसरा ढीग.

कोल्हापुरी_रस्सा
मधेच विचारतो. टर्नवर त्याचा कॉल तर चुकीचाच होता ना? मग चूक त्याची, नशीबही त्याचं.

किलवरराणी
छान प्रश्न. त्याच्या बाजूनं बघू. ८ द्यायचे, समोर १९.५ पडलेले. नुसत्या त्या पैशांसाठी त्याला २९ टक्के हवेत. त्याला न दिसणारे पत्ते ४६, त्यात बदाम ९, म्हणजे २० टक्क्यांच्या आत. तेवढ्यावर कॉल तोट्याचा. रिव्हरला बदाम आल्यावर एडिसनकरांनी पत्ते टाकले, तर त्याला त्या कॉलवर सरासरी अडीच ब्लाइंडचा तोटा.

पण बदाम आल्यावर ८६.५ चाही कॉल मिळणार असेल, तर आलेल्या वेळी तो १०६ जिंकतो, न आलेल्या वेळी ८ हरतो. सरासरी १४ ब्लाइंडचा फायदा. टर्नवरचा तोच कॉल रिव्हरच्या कॉलमुळे बरोबर ठरला.

एडिसनकर
हे या बाजूनं कधी मांडलं नव्हतं. तिसऱ्या ढिगात ठेवला. त्यातले उरलेले हातही आता याच पद्धतीनं बघतो, आणि रिव्हरच्या कॉलचे वेगळे काढतो. उद्या त्यातले दोन इथे टाकीन. एकात माझ्याकडे अठ्ठ्यांचा सेट आहे आणि बोर्डवर चार किलवर.

किलवरराणी
टाका. समोरच्यानं कुठल्या पत्त्यावर किती लावले ते आकड्यांसकट लिहा, आणि त्याच्या हातात काय निघालं ते आमची उत्तरं येईपर्यंत सांगू नका.